मंडळीचं लेटरहेड

२०१९ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी प्रेसवाले काका बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आले, चहा नको म्हणाले आणि बसून राहिले. पंचवीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी आमच्याकडचा चहा नाकारलेला मला आठवत नव्हता. त्यामुळे ते कशाला आलेत हे तेवढ्यावरूनच कळलं. पैसे त्यांनी मागितलेच नाहीत. "कागदवाला रोज फोन करतो गं," एवढंच म्हणाले आणि उठले.

मी तांत्रिक भाषांतरं करते. कारखान्यांच्या सुरक्षा पुस्तिका, यंत्रांची मॅन्युअल, कामगारांसाठीच्या सूचनांचे फलक, असलं सगळं इंग्रजीतून मराठीत आणि गुजरातीत. घरची भाषा मराठी, शाळा गुजराती, त्यामुळे दोन्हीत हात चालतो. बडोद्याच्या मराठी घरांत यात नवल काही नाही. नंदेसरी, मकरपुरा, वाघोडिया, कोयली असे चारी बाजूंना कारखाने आहेत, कामाला तोटा नाही. त्या वर्षी एका रसायन कारखान्याच्या पुस्तिका माझ्याकडे आल्या. अठ्ठेचाळीस पानं, तीन भाषा, प्रत्येक भाषेच्या तीन हजार प्रती. एकट्याचं हे काम नव्हेच. हिंदी दुसऱ्या बाईंनी केलं, पानं डीटीपीवाल्या भाईंनी लावली, चित्रं फाइन आर्ट्समधून नुकतीच बाहेर पडलेल्या एका मुलीने काढली आणि छपाई काकांनी केली. ऑर्डर मात्र माझ्या नावावर, बिल माझ्या नावाचं. कारखान्याने सात महिने पैसे दिले नाहीत आणि ते सात महिने या चौघांची देणेकरी मी होते.

मी एक ठेव मोडली. काकांचे आणि त्या मुलीचे पैसे आधी दिले. डीटीपीवाले भाई म्हणाले, "चालशे, बेन." असं कोणी म्हटलं की मनाला जास्तच लागतं. पुढे पैसे आले तेव्हा सगळ्यांचे हिशेब फिटले, पण दोन-तीन महिने आम्ही एकमेकांचे फोन घ्यायला कचरत होतो. ज्यांच्याबरोबर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रूफं तपासली, त्यांचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

खरं तर कायदा माझ्या बाजूचा होता. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे मला नंतर कळलं. पण कळलं असतं तरी मी तसं पत्र लिहिलं असतं का? दांडिया बाजारातली एक बाई एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागाला चक्रवाढ व्याज मागते आहे! पुढचं काम गेलंच असतं. कायद्याने दिलेला हक्क वापरायचा तर पाठीशी कोणीतरी लागतं, हे मी त्या सात महिन्यांत शिकले.

आमच्या घरात आजोबांची एक ट्रंक आहे. तिच्यात अन्योन्य सहकारी मंडळीच्या शेअरचा कागद आहे, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. लहानपणी त्या 'अन्योन्य' शब्दाचं मला फार अप्रूप वाटायचं. ५ फेब्रुवारी १८८९ या दिवशी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, म्हणजे भाऊसाहेब कवठेकर, यांनी बडोद्यात ही मंडळी काढली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पगारावर जगणारी मध्यमवर्गीय माणसं, लग्न किंवा आजारपण आलं की सावकाराच्या दारात उभं राहावं लागायचं. त्यांनी आपलेच थोडे थोडे पैसे एकत्र केले आणि आपल्यातच फिरवले. तेव्हा देशात सहकाराचा कायदासुद्धा नव्हता. तो १९०४ साली आला, तोही फक्त पतपुरवठ्यापुरता. बाकीच्या कामांसाठी सहकारी संस्था काढायची वाट १९१२ च्या कायद्याने मोकळी झाली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी आमच्याच गावात माणसं हे करून बसली होती. काका आमच्याकडून उठून गेले त्या रात्री मी ट्रंक उघडली ती दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि हा कागद हातात आला.

आणंद इथून गाडीने तासाभराच्याही आतलं. १४ डिसेंबर १९४६ ला तिथे खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा संघ नोंदला गेला, ज्याचं पुढे अमूल झालं. ती गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकतो, पण मला तिचा नीट अर्थ त्या वर्षी लागला. दूध काढलं की ते काही तासांत विकावंच लागतं, थांबता येत नाही. व्यापारी थांबू शकतो. सगळी ताकद त्या थांबण्यात आहे. आमचं भाषांतर नासत नाही, पण वीजबिल, मुलांची फी, कागदवाल्याची उधारी या गोष्टी दुधासारख्याच आहेत. समोरच्याला थांबणं परवडतं, आम्हाला परवडत नाही, म्हणून भाव तो ठरवतो आणि तारीखही तोच ठरवतो.

मग करोना आला आणि सगळंच थांबलं. २०२१ च्या पावसाळ्यात आम्ही सातजण काकांच्या प्रेसमध्ये कागदाच्या रिमांवर बसून पहिल्यांदा या विषयावर बोललो.

सहकारी संस्थेसाठी किमान दहाजण लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात. ही अट चांगली आहे. नाहीतर नवरा, बायको, दीर, जाऊ अशी घरचीच मंडळी झाली असती. (मराठीत मंडळी म्हणजे माणसं आणि गुजरातेत मंडळी म्हणजे नोंदलेली सहकारी संस्था, आम्हा बडोदेकरांना दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात, आणि मला ते आवडतं.) भाषांतर करणारे, प्रूफं पाहणारे, डीटीपीवाले, चित्रकार, आवाज देणारे दोघे, दोन छोटे प्रेसवाले आणि एक बाइंडर असे आम्ही शेवटी चौदाजण जमलो. प्रेसवाले आणि बाइंडर यांची स्वतःची दुकानं आहेत, कामाला माणसं आहेत. बाकीचे आम्ही एकांडे, खोलीच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसणारे. दोघांना एकाच संस्थेत सारखंच मत, यावर पहिल्याच बैठकीत कुरकूर झाली. पण सहकारात माणशी एक मत, शेअर कितीही असोत. ते तसंच ठेवलं.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. २००१ नंतर गुजरातेत सहकारी बँका अडचणीत आल्या तेव्हा पैसे अडकलेली माणसं आमच्यात होती. सहकार म्हटलं की त्यांना बँकेच्या दाराबाहेरची रांग आठवायची. एका बाईंनी स्पष्ट विचारलं, "माझे पैसे तुमच्याकडे राहणार का?" त्या प्रश्नाने आमची घडण ठरली. मंडळी कोणाची ठेव घेत नाही, कोणाला कर्ज देत नाही. ती सभासदांना सेवा देते: कोटेशन, करार, बिल, वसुली, जीएसटी, हिशेब. काम आम्हीच आणायचं, आम्हीच करायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं आम्हीच. कागद मंडळीचा.

पेटानियम लिहायला चार महिने गेले. (महाराष्ट्रात ज्याला उपविधी म्हणतात ते.) कोठी भागातल्या सहकार खात्याच्या कचेरीत किती फेऱ्या झाल्या ते सांगत बसत नाही, पण तिथल्या एका कारकुनाने शेवटी आमचा कच्चा मसुदा स्वतः वाचून तीन चुका काढून दिल्या, त्या माणसाचे उपकार आहेत.

आता चालतं कसं ते सांगते, कारण मला पत्रं येतात ती याच्यासाठीच.

सभासद काम आणतो. मंडळीचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, आमच्याकडे मंत्रीच म्हणतात, गिऱ्हाइकाला मंडळीच्या नावाने कोटेशन पाठवतो. काम झालं आणि गिऱ्हाइकाने मान्य केलं की बिल मंडळीचं जातं. प्रत्येक बिलाच्या आठ टक्के मंडळी ठेवते. त्यातले पाच कचेरी, अकाउंटंट आणि सॉफ्टवेअरला जातात, तीन एका वेगळ्या फंडात. या फंडातून सभासदाला काम मान्य झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे मिळतात, गिऱ्हाइकाने दिलेले असोत वा नसोत. एका वेळी एका माणसाला जास्तीत जास्त वीस हजार; त्यावरचे गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर. फंडाची सुरुवात आम्ही माणशी पाच हजार घालून केली, म्हणजे सत्तर हजार. एवढ्याशा पैशात कसं भागणार असं तेव्हा मलाही वाटलं होतं. पण एका वेळी चौदाही जणांना लागत नाहीत. तिघा-चौघांना लागतात, आणि ते परत येतात.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्या चित्रकार मुलीची एक मैत्रीण बेल्जियममध्ये होती, तिच्याकडून स्मार्ट नावाच्या संस्थेबद्दल कळलं. १९९८ साली ब्रुसेल्समध्ये नाटकवाले, वादक, चित्रकार अशांसाठी ती सुरू झाली आणि २०१६ मध्ये सहकारी संस्था झाली. तिथे कलाकार स्वतःचं काम स्वतः मिळवतो, पण करार आणि बिल संस्थेचं असतं, आणि गिऱ्हाइकाने उशीर केला किंवा बुडवलं तरी हमीच्या फंडातून त्याला ठरल्या वेळी पैसे मिळतात. फ्रान्स आणखी पुढे गेलं. तिथे अशा सहकारी संस्थांसाठी २०१४ च्या कायद्यात वेगळी तरतूद झाली. माणूस धंदा स्वतःचा करतो, पण कागदोपत्री संस्थेचा पगारदार असतो, त्यामुळे आजारपण आणि म्हातारपण या दोन्हींचा विमा त्याला मिळतो, आणि तीन वर्षांच्या आत तो संस्थेचा भागीदारही व्हावा लागतो. हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. स्वतंत्र राहून पगारदाराची सुरक्षा! आपल्याकडे ते जसंच्या तसं जमणारं नाही, पण फंडाची कल्पना उचलता येण्यासारखी होती, ती उचलली.

जवळचं उदाहरण अहमदाबादचं. इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना उभी केली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे शेअर घेऊन स्वतःची बँक काढली. सही येत नव्हती म्हणून पासबुकावर फोटो लावले. पुढे त्यातूनच साफसफाई करणाऱ्या, घरी जाऊन रुग्णांची आणि बाळांची काळजी घेणाऱ्या बायकांच्या सहकारी मंडळ्या झाल्या, आणि १९९२ मध्ये या मंडळ्यांचा मिळून एक संघ झाला, जो त्यांना हिशेब, प्रशिक्षण, बाजार अशी मदत करतो. आमच्यातल्या एकाने म्हटलं, "ते गरिबांचं, आपण शिकलेले." मला त्याचा राग आला, अजूनही येतो. बाजारात भाजी विकणारीला जे आधी समजलं ते आपल्याला पन्नाशीत समजलं, एवढाच फरक आहे.

भांडण झालं ते आठ टक्क्यांवरून. दुसऱ्या वर्षी एका प्रेसवाल्यांनी (आमचे काका नव्हेत, दुसरे) सभेत सांगितलं की माझी उलाढाल सगळ्यांत जास्त, मी आठ टक्क्यांनी वर्षाला जेवढे देतो तेवढ्यात मी स्वतःचा माणूस ठेवीन. मोठ्या बिलांना चार टक्के करा. त्यांचं गणित खोटं नव्हतं. छपाईच्या बिलात निम्म्याहून जास्त कागदाची किंमत असते, भाषांतराच्या बिलात सगळी मेहनतच असते. दोघांना सारखाच टक्का लावणं चूकच होतं. आम्ही तीन सभा भांडलो. शेवटी ठरलं की कागद, शाई, प्लेट असा बाहेरून आणलेला माल बिलातून वजा करायचा आणि उरलेल्यावर आठ टक्के, सगळ्यांना सारखेच. मोठ्याला कमी टक्का हे मात्र मान्य झालं नाही. मीही विरोधात मत दिलं. ज्याचं बिल मोठं त्याचंच बुडालं तर फंडाला सर्वात मोठा खड्डाही त्याच्यामुळेच पडणार, हे मी सभेत बोलले. ते मंडळीत राहिले. रागावून दोन महिने बोलले नाहीत, पण राहिले.

आणि बाहेरची कामं करायला कोणालाही बंदी नाही. एखादी शाळा, एखादा देवस्थानाचा ट्रस्ट, यांना जीएसटीचे अठरा टक्के परत मिळत नाहीत, त्यांना ते जडच जातात. सेवांसाठी वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून अशी छोटी कामं सभासद आपापल्या नावाने करतो. मोठ्या कंपन्यांचं उलट. त्यांच्या व्हेंडरच्या फॉर्मात जीएसटी नंबराची चौकट रिकामी असेल तर फॉर्म पुढेच जात नाही. पूर्वी आम्ही यासाठी कुठल्यातरी एजन्सीच्या नावाखाली काम करायचो आणि शब्दामागे मिळणाऱ्या पैशातला निम्मा वाटा तिकडे जायचा. तो आता आठ टक्क्यांवर आला.

लेटरहेडचा दिवस मला तारखेसकट आठवतो, पण तारीख देत नाही, कंपनी ओळखू यायची. एका कंपनीकडे आमचे एक लाख चाळीस हजार पाच महिने अडकले होते आणि फंड अकरा हजारांवर आला होता. मंत्र्यांनी मंडळीच्या कागदावर सहा ओळींचं पत्र लिहिलं. त्यात ४५ दिवसांचा कायदा होता. पुरवठादाराच्या व्याख्येत त्या कायद्याने अशा छोट्या सेवा देणाऱ्यांच्या सहकारी संस्थाही घेतल्या आहेत, हे होतं. आणि २०२३-२४ पासून छोट्या उद्योगांची अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, हेही होतं. कोणाचं नाव नाही, कुठे कडवटपणा नाही. खाली सही 'मंत्री' अशी. ते काम ज्या सभासदाचं होतं तो घरात झोपला होता, त्याला पत्र गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. नवव्या दिवशी पैसे आले. त्या कंपनीकडून अजूनही काम येतं.

पण मला विचाराल तर मंडळीने दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट पैशाची नाही, शब्दसूची आहे.

पूर्वी आम्ही भाषांतरवाले आपापले शब्द लपवून ठेवायचो. वीस वर्षांच्या कामातून जमवलेली यादी ही आपली पुंजी, ती दुसऱ्याला कशाला द्यायची? हिंदीवाल्या बाई आणि मी एकाच पुस्तिकेवर काम करत असून एकमेकींना शब्द विचारत नव्हतो. त्याचा परिणाम एकदा छापून आला. टाकीत किंवा व्हेसलमध्ये उतरण्यापूर्वीच्या सूचना होत्या. इंग्रजीतल्या 'कन्फाइन्ड स्पेस'ला माझ्या गुजरातीत 'बंध जग्या' होतं, दुसऱ्या कोणाच्या मराठीत 'मर्यादित जागा' झालं होतं. मर्यादित जागा म्हणजे कमी जागा, अडचणीची खोली! तिथे विषारी वायू साचलेला असू शकतो आणि आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे त्या शब्दातून कोणाला कळणार? सुदैवाने प्रती वाटण्याआधी एका सुपरवायझरने पकडलं.

आता आमची एकच सूची आहे, तीन भाषांत, सगळ्यांची मिळून, आणि तिची मालकी मंडळीची आहे. तिथे त्या शब्दापुढे लिहिलंय: 'बंदिस्त जागा', आणि खाली टीप, की पहिल्यांदा येईल तिथे 'टाकी, व्हेसल, नाला, खड्डा यांसारखी बंदिस्त जागा' असं पूर्ण लिहावं, कारण कामगार 'टाकीत उतरणं' असं म्हणतो. ही टीप बाइंडरकाकांची. त्यांचा भाऊ कारखान्यात कामाला होता. 'फ्लेमप्रूफ'ला आम्ही 'ज्वालारोधक' लिहिलं होतं, ते त्यांनीच काढायला लावलं. तिथे सगळे फ्लेमप्रूफच म्हणतात. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश १९३१ मध्ये याच गावात करवून घेतला होता. त्यांच्याजवळ राज्य होतं, पंडित होते. आमच्याजवळ एक एक्सेलची फाइल आहे आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तीन तास आहेत. पण त्या तीन तासांची मी वाट पाहते.

हिंदीवाल्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची एक अर्धी राहिलेली पुस्तिका मी पूर्ण केली, सूचीच्या आधाराने. हिंदी माझी भाषा नव्हे. त्यांनी इस्पितळातून फोनवर शेवटची पानं ऐकली, चार शब्द बदलले, आणि बिलाचे पैसे अर्धे-अर्धे वाटून घेऊ म्हणाल्या. मी घेतले. अशा वेळी नको म्हणणं मला बरोबर वाटत नाही. केलेल्या कामाचे पैसे घेतले की पुढच्या वेळी मदत मागायला समोरच्याला संकोच होत नाही.

सगळंच जमलंय असं नाही. आजारपणाच्या विम्याचं आम्हाला अजून काही जमलेलं नाही. आवाज देणाऱ्या दोघांपैकी एक सोडून गेला, त्याची कामं इतकी छोटी आणि इतकी घाईची असतात की कोटेशन-बिलाच्या फेऱ्यात त्याचं नुकसानच होत होतं. तो चुकला असं मी म्हणणार नाही. मंत्र्यांवर कामाचा बोजा फार आहे आणि त्यांना आपण देतो ते मानधन थोडं आहे. सभेला यायचं टाळणारेही आहेत. चौदाचे आता तेवीस झालो आहोत आणि तेवीसजणांना सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या घरच्या अडचणी माहीत असतात. पन्नास झालो तर हे राहील का, याची मला काळजी वाटते. दोन जणांचे अर्ज आलेत आणि सहकारात दार बंद ठेवता येत नाही, ठेवूही नये.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, काकांच्या प्रेसमध्येच, रिमांवर बसून. विषयपत्रिकेवर फंडाची मर्यादा वीसवरून तीस हजार करण्याचा ठराव आहे. तो चित्रकार मुलीने मांडलाय. ती आता घरभाडं भरते, तिचं एकेक काम पन्नास हजारांचं असतं, वीस हजारांत तिचं भागत नाही. काका म्हणतात, फंड एकदा अकरा हजारांवर आलेला आपण पाहिलाय, अजून एक वर्ष थांबू. मी दोघांचंही ऐकलं आहे, मंत्र्यांकडून तीन वर्षांचे आकडे मागवले आहेत, आणि काल रात्री बसून कोणत्या महिन्यात फंडात किती होते ते तारीखवार लिहून काढलंय. ऑगस्टचा आकडा अजून जुळत नाही.